ज्यूसचं मशीन राहू दे, आधी ताट मांड

पत्र असं आहे:

"ताई, मी 36 वर्षांची. 12 वर्षं आयटीत टेस्टिंगचं काम केलं. गेल्या वर्षी नोकरी गेली, तेव्हा हातात आलेल्या पैशांतून हिंजवडी फेज 1 मध्ये 220 चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेतला आणि ऑफिसवाल्यांसाठी हेल्दी ज्यूस बार सुरू केला. आठ महिने झाले. रोज सरासरी 45 ग्लास जातात, ग्लास साधारण 110 रुपयांचा. भाडं 42,000, दोन मुलांचे पगार 31,000, लाइटबिल 9,000, फळं जवळजवळ 49,000. मंगळवार ते गुरुवार माणसं असतात, सोमवारी-शुक्रवारी निम्मं ऑफिस घरून काम करतं. आता पाऊस सुरू झाल्यापासून तर 25 ग्लाससुद्धा जात नाहीत. एक ओळखीचा म्हणतो, कोल्ड प्रेसचं, म्हणजे फळं दाबून रस काढणारं, मोठं मशीन घे, बाटल्या भरून महिन्याची वर्गणी सुरू कर. त्याला 6 लाख लागतील. माझ्याकडे 3 आहेत. सासूबाई त्यांच्या पाटल्या गहाण ठेवायला तयार आहेत. मिस्टर म्हणतात, बाहेर 'शुगर फ्री, डिटॉक्स, रक्तशुद्धी' असा मोठा बोर्ड लावू. माझा एक जुना सहकारी रोज दुपारी जेवणाऐवजी माझा पालक-बीटचा ग्लास पितो आणि चारला त्याला गरगरतं म्हणतो. मला ते ऐकून बरं वाटत नाही. काय करू? मला अगं-तुगं म्हणालात तरी चालेल."

तर अगं, आधी तुझे आकडे मी वहीत मांडले. 45 ग्लास, 110 रुपये, महिन्याला कामाचे 22 दिवस म्हणजे 1,08,900 रुपये आले. गेले 1,31,000. दर महिन्याला 22,000 रुपये तू घरातून घालते आहेस, आणि हा हिशेब पावसाच्या आधीचा. यात तुझा स्वतःचा पगार एक रुपयाही धरलेला नाही. पहाटे मार्केट यार्डला जाऊन फळं निवडणारी, दिवसभर उभी राहणारी, रात्री मिक्सरची भांडी घासणारी बाई फुकट राबते आहे. ते आधी कागदावर लिहून ठेव.

आता मशीनचं. घेऊ नकोस. पाटल्या सासूबाईंच्या हातातच राहू देत. खोट कुठून येते आहे ते नीट कळल्याशिवाय त्यात आणखी पैसे ओतले की खोट फक्त मोठी होते. आणि तुझी खोट मशीनमुळे नाही. तुझ्याकडे 45 माणसं येतात, पण त्यांची भूक तुझ्या दुकानात भागत नाही, हे खरं कारण आहे. तुझ्या सहकाऱ्याने ते तुला गरगरून सांगितलंय.

दुपारी 1 वाजता ऑफिसमधून बाहेर पडलेल्या माणसाच्या खिशात 100-150 रुपये आणि हातात पाऊण तास असतो. त्याला जेवायचं असतं. तू त्याला 110 रुपयांचा रस देतेस. मग तो दोनपैकी एक करतो. एक तर ज्यूस टाळून समोरच्या टपरीवर राइस-मंचुरियन खातो, नाहीतर तुझ्या सहकाऱ्यासारखा ज्यूसवर भागवतो आणि चारला डोकं धरून बसतो. दोन्हीत तुझं नुकसान आहे, दुसऱ्यात त्याचंही.

रसाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुझ्या बोर्डाचा प्रश्नही त्यातच सुटतो. 250 मिलीचा मोसंबीचा ग्लास भरायला तीन-चार मोसंबी लागतात. तेवढी मोसंबी सोलून खायला बसलं तर दुसऱ्याच मोसंबीला माणूस थांबतो. रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो, चोथा मागे बादलीत राहतो, आणि त्या चोथ्यातच पोट भरण्याचा गुण असतो. त्या ग्लासात फळाची स्वतःची साखर 20 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेबद्दल जी शिफारस केली, त्यात फळांच्या रसातली साखरही मोजायच्या साखरेत धरली आहे. प्रौढ माणसाने दिवसाच्या उष्मांकांपैकी 10 टक्क्यांहून कमी या साखरेतून घ्यावेत, जमलं तर 5 टक्क्यांहून कमी. 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. तुझा एक मोठा ग्लास त्यातला बहुतेक वाटा एकटाच खाऊन टाकतो. म्हणून रस वाईट, असं मी म्हणत नाही. उन्हातून आलेल्या माणसाला छोटा ग्लास द्यावा, त्याचा जीव थंड होतो. पण तो जेवण नाही.

म्हणून 'शुगर फ्री' लिहायचं नाही. 'वरून साखर घातलेली नाही' हे खरं आहे, ते खुशाल लिही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक मधुमेहाच्या माणसाला महागात पडतो. 'डिटॉक्स' आणि 'रक्तशुद्धी' हे शब्द तर भिंतीवर येऊच देऊ नकोस. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती आपलं काम करतात. अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, हे मिस्टरांना सांग. पण दंड नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. तुझ्यासमोर ग्लास धरणारा माणूस तुझ्यावर विश्वास ठेवून पितो.

पालक-बीटच्या ग्लासाबद्दलही तेच. पालक आणि बीट दोन्हींत ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याला हातभार लावणारं द्रव्य, भरपूर असतं. भाजी म्हणून वाटीभर खाणं वेगळं आणि जुडीच्या जुडी पिळून रोज पिणं वेगळं. ज्याला मुतखड्याचा त्रास होऊन गेलाय, त्याला हा ग्लास रोज देऊ नये. तुझ्या सहकाऱ्याला आधी विचार. आणि दुधीचा रस कुणी मागितला तर प्रत्येक दुधीचा तुकडा कापून आधी स्वतः जिभेवर ठेव. कडू लागला की थुंकून टाक आणि अख्खा दुधी कचऱ्यात घाल. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं, त्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. कडू रस पिऊ नये आणि दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळू नये, असा त्यांचा सल्ला होता. दुसऱ्या रसात कडूपणा लपतो, हे उघडच आहे. मला विचारशील तर दुधी ज्यूसच्या यादीतून काढ आणि भाजीत घाल.

आता ताटाकडे येते.

मी शिवाजीनगरच्या कचेऱ्यांना 22 वर्षं डबे पुरवले. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. कामावरच्या माणसाला रोज नवं काही नको असतं. त्याला रोज ताजं, वेळेवर आणि पोटाला न बाधणारं हवं असतं. आपल्याकडे हे काही आज शोधून काढायचं नाही. मुंबईच्या गिरणगावात घरापासून लांब राहणाऱ्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी वर्षानुवर्षं जेवू घातलं. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी त्याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या दारातून त्यांना बँकेच्या दारात नेलं. त्या बायकांनी आधी कामगाराची भूक ओळखली, बाकी सगळं नंतर आलं. तुझे गिऱ्हाईक गिरणीत नाहीत, काचेच्या इमारतीत आहेत, गळ्यात ओळखपत्र आहे, एवढाच फरक. घर लांब आहे, सकाळी डबा करायला वेळ नाही, दुपारी पोटात कावळे ओरडतात. हे सगळं तेच आहे.

म्हणून रोज एकच ताट कर. पाच दिवसांची पाच ताटं, दर आठवड्याला तीच. सोमवारी मुगाची खिचडी आणि कढी. मंगळवारी ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. बुधवारी मटकीची उसळ आणि पोळी. गुरुवारी वरण-भात, पालेभाजी, चटणी. शुक्रवारी थालीपीठ-दही. प्रत्येक ताटात मूठभर कोशिंबीर आणि वाटीभर ताक. 'हेल्दी' हा शब्द कुठेही लिहू नकोस. ताट समोर आलं की दिसतंच. किंमत 130 ठेव. सामानाचा खर्च 52 रुपयांच्या आत बसला पाहिजे, म्हणजे 40 टक्के, आणि या यादीत तो बसतो. पनीर, अॅव्होकाडो, किनोआ यांच्या नादी लागलीस तर बसणार नाही.

रसाचा ग्लास 150 मिलीचा कर, 60 रुपयांना. त्याची वेळही बदल. दुपारी 1 वाजता रसाची गाठ जेवणाशी पडते आणि तो हरतो. साडेचारला त्याची गाठ वडापाव-क्रीमरोलशी पडते, तिथे तो जिंकू शकतो. तेव्हा साडेचार ते सहा हा ज्यूसचा वेळ, आणि त्यासोबत कापलेल्या फळांची वाटी. फळ मोसमातलंच. हिवाळ्यात आवळा, संत्रं, स्ट्रॉबेरी. उन्हाळ्यात कलिंगड, कैरीचं पन्हं. आत्ता पावसात रस कुणाला नको असेल तर टोमॅटोचं गरम सार दे, कपात. मधुमेहवाल्यांना कोकम आगळाचं मीठ-जिरं घातलेलं पाणी, ताक, लिंबू-मीठ. हे तुझ्या फळांच्या बिलापेक्षा कितीतरी स्वस्तही आहे.

हिशेब बघ. रोज 60 ताटं गेली तर महिन्याचे 1,71,600. 30 छोटे ग्लास गेले तर 39,600. एकूण 2,11,200. सामान आणि फळं मिळून साधारण 86,400. भाडं तेवढंच 42,000. भाकऱ्या-पोळ्यांसाठी अर्धा दिवस एक बाई लागेल, तिचे 12,000 धरून पगार 43,000. गॅस-लाइट 16,000. हातात राहिले 23,800. फार नाहीत, मला माहीत आहे, आयटीतल्या पगारापुढे तर काहीच नाहीत. पण आज 22,000 जात आहेत, तिथे 23,800 येतील. आणि ग्लास तेवढेच गेले तर खोट भरून निघायला रोज 47 ताटं पुरतात. 47 हा आकडा गल्ल्यावर चिकटवून ठेव.

60 ताटं जातील का? ते मी इथे बसून सांगू शकत नाही, तू मात्र आठवड्यात शोधू शकतेस. मोठ्या कंपन्यांच्या आवारात कँटीन असतं, तिथली माणसं रोज बाहेर येणार नाहीत. तुझी माणसं म्हणजे लहान ऑफिसमधली, बँकेच्या शाखेतली, कंत्राटी, सुरक्षारक्षक, कॅबचे चालक. या लोकांचा विचार तू पत्रात एकदाही केलेला नाहीस. तीन दिवस साडेबाराला गाळ्याबाहेर उभी राहा आणि मोज. किती जण डबा घेऊन सावली शोधत फिरतात तेही मोज. घरून डबा आणणाऱ्यांना 'इथे बसून खा' म्हण, बाकडं दे, 30 रुपयांत ताक आणि कोशिंबीर दे. हातात डबा असलेला माणूस हा तुझा गिऱ्हाईक नाही असं समजू नकोस. आठवड्यातून एकदा त्याच्याही घरी डबा होत नाही.

महिन्याची वर्गणी नको, कारण आता कुणीच महिनाभर रोज येत नाही. 20 ताटांचं कूपनबुक कर, 2,400 रुपयांना, दोन महिने चालणारं. सोमवारी-शुक्रवारी निम्मीच ताटं लाव. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी विकायचं नाही, हा नियम मोडायचा नाही, मग कितीही जीव तुटो.

या नियमाबद्दल मी कडक आहे त्याला कारण आहे. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, मी सकाळी 8 ला कालवलेला दहीभात एका कचेरीत 1 वाजता पोहोचवला. नऊ जणांची पोटं बिघडली. चूक सर्वस्वी माझी होती. एका तरुण मुलाला सलाइन लावावं लागलं, त्याची आई दवाखान्याच्या बाकावर बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले, ती मला एक शब्दही बोलली नाही. तेव्हापासून गरम ते 60 अंशांच्या वर आणि थंड ते 5 अंशांच्या खाली, मधल्या तापमानात अन्न रेंगाळू द्यायचं नाही, हे मी कधी सोडलं नाही. 300 रुपयांचा थर्मामीटर घे.

बाटल्यांच्या योजनेला माझा विरोध याचसाठी जास्त आहे. ताजा, न उकळलेला रस बाटलीत भरायचा, टेम्पोत घालायचा, तो कुणाच्या टेबलावर चार तास उभा राहणार, आणि बिघडला तर नाव तुझं. बाटलीवर लेबल, तारखा, घटक हे सगळं कायद्याने लिहावं लागतं ते वेगळंच. कोल्ड प्रेस मशीन हळू चालतं, गर्दीच्या वेळी रांग अडवतं. त्याच्या रसात साखर तेवढीच असते.

पाण्याकडे लक्ष दे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याची चर्चा घराघरांत झाली, तेव्हापासून पुण्यातला माणूस ग्लास उचलताना एकदा पाण्याकडे बघतो. त्याने विचारण्याआधी तू दाखव. फिल्टर समोर ठेव, तो कधी बदलला ती तारीख त्यावर लिही. बर्फ स्वतःच्या फ्रीजरमध्ये कर. विकत घ्यावाच लागला तर निळा बर्फ घ्यायचा नाही, तो खाण्याचा नाही हे कळावं म्हणूनच त्याला निळा रंग देतात. प्लास्टिकच्या नळ्या तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत, तरी अजून सर्रास दिसतात. तुझ्याकडे दिसू नयेत.

कागदपत्रांत तुला तीनच गोष्टी बघायच्या आहेत. तुझी अन्न परवान्याची नोंद बहुधा ज्यूसपुरती असेल, त्यात जेवण घालून घे. तो 14 आकडी क्रमांक बिलावरही लागतो. घरचा सिलिंडर दुकानात चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागेल. आणि सर्वांत आधी गाळ्याचा करार काढून वाच, त्यात आच लावून स्वयंपाक करायची परवानगी आहे का. नसेल तर मालकाशी बोल. तो नाहीच म्हणाला, तर वरण-उसळ-भाकरी दुसऱ्या स्वयंपाकघरातून आणावी लागेल. त्या जागेचीही नोंद करावी लागते, एवढं लक्षात ठेव.

करार 11 महिन्यांचा असेल तर तुझ्या हातात अजून तीन महिने आहेत. बरोबर तेवढेच द्यायचे. पहिले सहा आठवडे फक्त मंगळवार ते गुरुवार, रोज 30 ताटं. त्याला 3 लाखांतले 40,000 पुरतील. एक मोठा कुकर, दोन तवे, ताटं, बाकडी, एक महिन्याचं सामान. जमलं तर पाचही दिवस. श्रावण येतोच आहे, सोमवारी उपवासाचं ताट ठेव, भगर आणि दाण्याची आमटी. भगर सुटी घेऊ नकोस, बंद पाकिटातली घे. सुट्या, जुन्या भगरीतून विषबाधा होते, अन्न प्रशासन दर नवरात्रात हेच सांगतं. करार संपायच्या आधीच्या चार आठवड्यांत 47 चा आकडा गाठला नाही, तर नूतनीकरण करायचं नाही. डिपॉझिट परत घ्यायचं, मिक्सर विकायचे. त्यात लाज नाही. जुने सहकारी काय म्हणतील ही भीती तू लिहिलेली नाहीस, पण पत्रात ती जागोजागी दिसते. ते चार दिवस बोलतील. कर्ज मात्र चार वर्षं फेडावं लागतं.

मिस्टरांवर रागावू नकोस. मोठा बोर्ड लावावासा वाटतो, कारण त्यांना तुला मदत करायची आहे आणि दुसरं काय करावं ते सुचत नाही. त्यांना काम दे. मंगळवारी सुट्टी काढून गल्ल्यावर बसव, किती ताटं गेली, कोण काय टाकून उठलं हे लिहायला सांग. ताटात काय उरलं, त्यावरूनच पुढचा मेनू ठरतो.

सासूबाईंचं गाव तू लिहिलेलं नाहीस. पण ज्या बाईने सुनेच्या दुकानासाठी पाटल्या काढून ठेवल्या, तिला भाकरी नक्की येत असेल. पाटल्या परत त्यांच्या हातात घाल आणि म्हण, पहिले दोन आठवडे तुम्ही चला, बाईला भाकरी कशी हवी ते दाखवा. त्या येतील असं मला वाटतं.

आणि त्या सहकाऱ्याला उद्याच सांग की जेवणाऐवजी ज्यूस मिळणार नाही. मंगळवारी पहिलं ताट त्याला वाढ, पैसे घेऊन. चारला फोन कर आणि विचार, गरगरतंय का.